शेवग्यावरची जुई

"सारखं काय त्या मोबाइलमध्ये? जा, जरा मातीत खेळून ये," म्हणत मीच नातीला खाली पिटाळलं. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते, तर जुई शेवग्यावर चढलेली.

शेवग्याची फांदी काकडीसारखी कटकन मोडते. लहानपणी आम्ही चिंचेवर, आंब्यावर खुशाल चढायचो. शेवग्याला मात्र कुणी पाय लावत नसे. हे आम्हांला कुणी शिकवलं, आठवत नाही. मोठ्या पोरांच्या मागे हिंडता हिंडता आपसूक कळलं असावं. जुई कुणाच्या मागे हिंडणार? खाली अंगणात दुसरं पोर नाही. बाहेर जा, बाहेर जा म्हणून आपण मुलांच्या मागे लागतो, आणि बाहेर त्यांना झाडांची ओळख करून देणारं कुणी उरलेलंच नाही.

ओरडावं, तर ती दचकेल. मी खिडकीचे गज घट्ट धरून उभी राहिले. शेवग्याची पांढरी फुलं तिच्या केसांवर गळत होती. फांदी वाकत चालली होती. तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"आजी, बघ ना, मी किती उंच आलेय!"

आणि मला हात करायला तिनं फांदी सोडली.