एकसष्टीची शाल

वाणी हेच माणसाचं खरं ऐश्वर्य, असं आमचे तात्या प्रत्येक भाषणात सांगत. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. हे ऐश्वर्य ते लग्नात, बारशाला आणि दहाव्यालाही सढळ हाताने उधळत. थोडं शिल्लक ठेवलं तरी चालेल, असं ऐकणाऱ्यांना वाटे.

नव्वदच्या दशकात, कऱ्हाटीजवळच्या आमच्या गावात, शाळेपुढच्या मांडवात त्यांची एकसष्टी झाली. सकाळची वेळ. शाल पांघरली, नारळ दिला. तो त्यांच्या उजव्या हातातून निसटून घरंगळत पहिल्या रांगेत आला. मग ते माइकपुढे उभे राहिले. दोन वाक्यं नीट आली. तिसऱ्यात शब्द एकमेकांना चिकटले, पुढे नुसता आवाज. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

काकू बायकांतून उठून पुढे आल्या. "त्येंचं तोंड वाकडं झालंय. गाडी काढा."

"भरून आलंय, वयनी. बसा तुमी," सूत्रसंचालक म्हणाले.

"भरून येतं ते एकाच बाजूनं व्हय?"

पण तीन भाषणं आणि आभार बाकी होते. लांबून आलेल्या पाहुण्यांसमोर उत्सवमूर्ती मध्येच उठवणं बरं दिसलं नसतं. तात्यांना खुर्चीत बसवलं. ते उजवीकडे कलत, शेजारचे पाहुणे त्यांना पुन्हा सरळ करत.

आभार झाल्यावर जीप निघाली. वाटेत कुणी म्हणालं, अंगावरनं वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा. जीप थांबवून कबुतर शोधलं, चोळलं. त्यात आणखी तासभर गेला.

बारामतीच्या डॉक्टरांनी आधी रक्त पुसून काढलं. दोन्ही हात वर करा म्हणाले. उजवा उचललाच नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की वाहिनी फुटली, हे पाहायला पुण्याला स्कॅन करावा लागेल, असं त्यांनी समजावलं.

"बीपीच्या गोळ्या चालू होत्या?"

"व्हत्या. बरं वाटाय लागलं म्हणून सोडल्या," काकू म्हणाल्या.

स्कॅनमध्ये गुठळी निघाली. लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला असता असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यावर गाव निश्चिंत झालं. काकू झाल्या नाहीत.

तात्या आणखी चार वर्षं जगले. सगळं कळायचं, शब्द एकही फुटत नसे. खुर्चीत घसरत, म्हणून काकू त्यांना सत्काराच्या शालीने बांधून बसवत. शाल गुळगुळीत होती, सारखी सुटायची. मग काकूंनी जुनं धोतर वापरायला घेतलं.