अमावास्येची तांबट आळी

नाशिकरोडहून शहरात पूर्वी ट्राम जायची, असं आजोबा सांगायचे. माझ्या नशिबी आली ती खिळखिळी सिटी बस. नव्वदीच्या सुरुवातीला माझ्याकडे कॉलेजचा पास होता आणि अंगात भटकायची खोड. सुट्टी असली की शालिमारला उतरायचं आणि पाय नेतील त्या बोळात शिरायचं. अशीच एकदा तांबटांच्या आळीत पोचले आणि तिच्या प्रेमातच पडले. दोन्हीकडून ठाक-ठाक, ओट्यांवर बंब, हंडे, घागरी. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. तिथले एक म्हातारे तांबट मला ओट्यावर बसवून घेत, त्यांची बायको न बोलता चहा आणून ठेवी. मला ते दोघं फार भले वाटायचे.

समोरच्या खोलीत एक भाडेकरू जोडपं होतं. नवरा सातपूरला कारखान्यात कामाला. बायको कधीमधी दारात दिसायची, पदर गालापर्यंत ओढलेला. मी तिला लाजरी समजायचे.

एकदा गेले तर आळी गप्प. अमावास्येला तांबट हत्याराला हात लावत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. म्हातारे ओट्यावर सुपारी कातरत होते. तेवढ्यात समोरच्या बंद दारामागून आवाज आला. आधी पट्ट्याचा, मग शिवीचा, मग काहीतरी भिंतीवर आदळल्याचा. "नका हो, मरेन मी!" हे तर अगदी स्वच्छ ऐकू आलं. रात्रपाळी करून, वर पिऊन आलेल्या त्या माणसाला कसली अमावास्या आठवतेय! तो रोजच्या ठोकाठोकीच्या भरवशावर मारत होता.

आळीतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. कुणी कुणाकडे बघेना. म्हाताऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता हे दार फोडतील. ते आत गेले, हातोडा घेऊन आले आणि ओट्यावर बसून एका हंड्यावर घाव घालू लागले. नुसतेच घाव, अमावास्या मोडून.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाबा, काय करताय हे?"

"दुसऱ्याच्या घरातलं हाय ते, पोरी. आपण ऐकू नाय," म्हणाले, आणि आणखी जोरात ठोकू लागले.

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की आत मारणाऱ्याचाही तेवढा आला नव्हता. मी ओट्यावरची घागर उचलली आणि समोरच्या दारावर आपटत सुटले. ती आज मरणार, एवढंच डोक्यात होतं.

कडी निघाली. ती बाहेर आली तेव्हा कपाळ फुटलेलं होतं, रक्त हनुवटीवरून चोळीवर गळत होतं. मागून त्याने तिचे केस धरले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हाताऱ्यांकडे बघून किंचाळली, "ठोकू नका बाबा! आज तरी ऐकू द्या सगळ्यांना!"

हातोडा थांबला. आणि त्याने, सगळ्यांच्या देखत, तिच्या पाठीत पट्टा ओढला. तो आवाज आळीच्या पार टोकापर्यंत गेला.

मग म्हाताऱ्यांची बायको ओट्यावरून उतरली. नवऱ्याच्या हातातला हातोडा तिने हिसकून घेतला, आळी ओलांडली आणि केस धरलेल्या त्या मनगटावर घातला. हाड मोडलं, तेही सगळ्यांनी ऐकलं.