‘हो’ म्हणायची शिकवणी

आरितिताबाई अठ्ठावीस वर्षं एकाच शाळेत शिकवत होत्या, आणि एवढ्या वर्षांत एकाही पोराने त्यांना तोंडाने ‘हो’ म्हटलं नव्हतं. आमच्या बेटांवर कुणी म्हणतच नाही. भुवया वर गेल्या की झालं उत्तर. मासे मिळाले का? भुवया. जेवलास का? भुवया. मोठ्या माणसासमोर तोंड उघडून ‘हो हो’ करणारं पोर आगाऊ समजलं जातं आणि ‘नाही’ म्हणणारं तर त्याहून वाईट, घरचं वळण नसलेलं. नव्याने आलेल्या परक्याला वाटतं, या लोकांना बोलता येत नाही की काय. येतं की. सभाघरात गाणी सुरू होऊ देत, तोच परका कानांवर हात ठेवून बाहेर येतो.

बाईंनी या भुवयांचं शास्त्र केलं होतं. “समजलं का?” असं विचारलं की त्या चटईवर बसलेल्या पोरांच्या कपाळांकडे बघायच्या. भुवया झटकन वर आणि डोळे सरळ बाईंकडे, म्हणजे समजलं. भुवया हळूच अर्ध्यावर आणि डोळे चटईच्या विणीत, म्हणजे ‘तुम्ही मोठ्या, तुम्हाला नाही कसं म्हणू?’ अशी तीन-चार कपाळं दिसली की बाई खडू ठेवायच्या, घरून नीरफणस मागवायच्या आणि सुरीने कापून अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. नवरा कुरकुरायचा.

“माझ्या ताटात आज तीन अष्टमांशच का?”

“उरलेले पाच नववीला समजले,” बाई म्हणायच्या.

बाईंना फार बुद्धी होती असं त्यांची सख्खी बहीणही म्हणणार नाही. राजधानीत, तारावाला, शिक्षक-प्रशिक्षणात त्या दुसऱ्या खेपेला पास झाल्या होत्या. इंग्रजी कामापुरतं, आवाज चिरका, अक्षर मात्र देखणं. पण नववीच्या परीक्षेत त्यांची दहातली चार-पाच पोरं दरवर्षी निघायची, आणि निघालेली पोरं बोटीत बसून दुसऱ्या बेटावरच्या मोठ्या शाळेत जायची. परीक्षा एकदाच. यादीत नाव नसेल तर मुलग्याने माडावर चढून माडी काढायची, मुलीने केतकीच्या चटया विणायच्या आणि दोघांनी खोबरं वाळवायचं. आमचं निम्मं बेट तसंच जगतं आणि हसत जगतं. पण ज्याला दुसरं काही हवं असतं त्याला ते जगणं जाचतं.

त्या वर्षी नववीत मारेवेया होती. चौदा वर्षांची, काटकुळी, पायाला कायम कुठेतरी प्रवाळाने कापलेलं. बाईंनी फळ्यावर बेरीज चुकवली की ती एक अक्षर बोलायची नाही, नुसतं नाक मुरडायची आणि बाई निमूटपणे पुसून पुन्हा लिहायच्या. तिचा बाप परदेशी बोटींवर डेक घासायचा. मारेवेयाला बोटीवरच जायचं होतं, पण घासायला नाही.

“बोट कुठे न्यायची ते कोण ठरवतं, बाई?” तिने एकदा विचारलं होतं.

“नकाशा वाचणारा अधिकारी.”

“त्याला गणित लागतं?”

“गणितच लागतं.”

मारेवेयाच्या भुवया झटकन वर गेल्या. अठ्ठावीस वर्षांत असं पोर आपल्या हाती एकदाच आलं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं आणि त्या ते नवऱ्यापाशी उघड बोलायच्याही. ही एक पोर मोठ्या शाळेत पोचली की मी सुखाने निवृत्त होईन, असं त्यांचं म्हणणं होतं.

जानेवारीअखेर शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील नसतील, बोटीतून खोकी उतरली. दहा टॅबलेट, सौर पाट्या, आभाळाकडे तोंड करून बसणारी एक पांढरी थाळी. खोक्यांबरोबर तेबानो आला. हा बाईंचाच जुना विद्यार्थी, आता शिक्षणाच्या या नव्या प्रकल्पात साहेब झालेला. सभाघरात म्हाताऱ्यांसमोर मांडी घालून त्याने सगळं समजावलं. नववीला गणित आता ब्रिस्बेनहून शिकवलं जाणार, उत्तम शिक्षिका, रोज एक तास. म्हातारे खूश झाले. भेट आणलेल्याला कोण नाही म्हणतो?

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, “आणि मी काय करायचं रे?”

“तुम्ही वर्गसाहाय्यक, बाई. टॅबलेट चार्ज करायचे, पोरं वेळेवर बसवायची. तास चालू असताना मध्ये बोलायचं नाही, माइकमध्ये सगळं जातं.”

“मग दुपारी घेईन मी पोरांना.”

तेबानो अवघडला. “दुपारी पण नको, बाई. हे पहिलंच वर्ष आहे. दोघींनी शिकवलं तर पोरांना कुणामुळे आलं ते मोजता येणार नाही.”

“आल्याशी मतलब. मोजायचं काय त्यात?”

“मोजल्याशिवाय पुढच्या वर्षी पैसे मिळत नाहीत. एवढं वर्ष ऐका माझं.”

लहानपणी पाढे चुकला म्हणून ज्याचे कान पिळले, तोच आता हात जोडून उभा. बाईंच्या भुवया वर गेल्या. कोणत्या प्रकारे गेल्या ते तेबानोला कळायला हवं होतं. तो याच वर्गात वाढला होता. पण शहरात राहून माणूस कपाळं वाचायचं विसरतो.

ब्रिस्बेनची ती शिक्षिका, मिस हॅरिएट, मनाने चांगली होती, हे आधी सांगून टाकतो. तरुण, चष्मेवाली, पोरांची नावं पहिल्या दिवसापासून नीट उच्चारायचा प्रयत्न करणारी. तिने गणित मांडलंही छान. मग तिने विचारलं, “समजलं का?”

दहा जोड्या भुवया वर गेल्या. पैकी सात झटकन. बाईंनी बाजूला उभं राहून मोजल्या.

“समजलं का?” मिस हॅरिएटने पुन्हा विचारलं. तिला यातलं काही दिसत नव्हतं. चित्र पाठवण्याइतकं नेट आमच्या थाळीला पेलत नव्हतं, म्हणून इकडचे कॅमेरे बंद ठेवलेले. तिच्यासमोर दहा करडे चौकोन आणि त्यांत दहा नावं. पोरांनी भुवया आणखी वर नेल्या. शांतता. मग तिने तेच गणित आणखी सोपं करून सांगितलं, मग आणखी सोपं. महिनाभर हेच. मारेवेया टॅबलेटमागे चटईची काडी उसवत बसायची. नावापुढचा ठिपका सगळ्यांचा लाल: सहभाग नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्या तरी निदान शेळ्या दिसाव्या लागतात.

शेवटी बाईंनीच न राहवून शुक्रवारच्या फोनवर मिस हॅरिएटला भुवयांचं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, पण सगळं.

“म्हणजे पोरं रोज उत्तर देत होती?” मिस हॅरिएट म्हणाली. “आणि मला वाटत होतं मी त्यांना आवडत नाही. आरितिता, कॅमेऱ्याचं माझ्या हातात नाही. तुम्ही त्यांना तोंडाने ‘हो’ म्हणायला शिकवाल का?”

यात वाईट काय होतं? बाईंनाही काही वाईट दिसलं नाही. उलट इतक्या दिवसांनी शिकवायला काहीतरी मिळालं. सकाळी तास सुरू व्हायच्या आधी त्या पोरांना ओळीत बसवायच्या आणि विचारायच्या, “समजलं का?” सुरुवातीला पोरी तोंडावर हात घेऊन हसत सुटल्या. मोठ्या मुलांची मान वर येईना. बाईंनी खेळ केला, जो मोठ्याने ‘हो’ म्हणेल त्याला बिस्किट. मारेवेया सर्वांत शेवटी म्हणाली, तेही कुजबुजत. बाई तिच्यासमोर जाऊन बसल्या.

“मोठ्याने म्हण, पोरी.”

“लाज वाटते, बाई.”

“बोटीवर वादळात कुजबुजणार आहेस का? म्हण.”

“हो,” मारेवेया म्हणाली.

तिसऱ्या आठवड्याला वर्ग एका सुरात ओरडू लागला. ठिपके हिरवे झाले. तेबानोचा फोन आला, “बाई, सगळ्या बेटांत तुमचा वर्ग पहिला. काय जादू केलीत?” बाईंना अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, चार घरी जाऊन त्यांनी ते सांगितलंही.

आता मिस हॅरिएटला प्रत्येक प्रश्नाला दहा ‘हो’ ऐकू येऊ लागले, आणि मागे पडलेला महिना भरून काढायचा होता. ती पळत सुटली. पोरांना ‘हो’ शिकवलं होतं, ‘नाही’ कुणी शिकवलं नव्हतं. आणि शिकवलं असतं तरी पाहुणीला, तेही एवढ्या लांबून रोज येणाऱ्या पाहुणीला, ‘नाही’ कोण म्हणणार? टॅबलेटवर चाचणी यायची, चार उत्तरांतलं एक निवडायचं. चुकलं की लाल, बरोबर आलं की हिरवं, आणि कितीदाही दाबायची मुभा. पोरं हिरवं होईपर्यंत दाबायची.

ऑगस्टात दोन समीकरणं एकत्र सोडवायचा धडा होता. बाई नेहमीसारख्या बाजूच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मिस हॅरिएटने विचारलं, “समजलं का?” आणि दहा तोंडं “हो” म्हणाली. बाईंची नजर मारेवेयाकडे गेली. तोंड उघडं होतं, आवाज खणखणीत होता, डोळे चटईच्या विणीत होते.

बाईंना कळलं. त्या क्षणी कळलं. माइक चालू होता, तेबानोला शब्द दिलेला होता, आणि वर्ग सगळ्या बेटांत पहिला होता. बाई गप्प राहिल्या. पोर हुशार आहे, पुढच्या धड्यात सांधून घेईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण पुढचा धडा याच धड्यावर उभा होता आणि त्याच्या पुढचा त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी बाई खांबाजवळून हलल्या आणि दारात, पोरांच्या पाठीमागे उभ्या राहू लागल्या. तिथून कपाळं दिसत नाहीत.

परीक्षा नोव्हेंबरात झाली. कागदावर, पेन्सिलीने. चार पर्याय नाहीत, हिरवं नाही. मारेवेयाच्या आईने मुलीबरोबर द्यायची चटई आधीच विणून ठेवली होती, कडेला लाल नक्षी घालून.

निकाल रेडिओवर बेटवार वाचतात. आमच्या बेटाचं नाव आलं आणि त्यापुढे लगेच पुढच्या बेटाचं. बाईंना वाटलं, वाचणाऱ्याचं पान उलटलं असेल. त्यांनी तेबानोला फोन लावला.

“नाही, बाई. गणितात कुणीच नाही.”

“मारेवेया?”

“चौतीस. पन्नास लागतात.”

तिकडून तेबानो घाईघाईने बोलू लागला. “पण बाई, निराश होऊ नका. सहभागात तुमची शाळा पंच्याण्णव टक्के आहे. वरचे लोक फार खूश आहेत. पुढच्या वर्षी आणखी बारा बेटं घेणार. पोरांना बोलतं कसं करायचं ते तिथल्या शिक्षकांना तुम्ही येऊन शिकवावं असं म्हणतायत. जाण्यायेण्याचं सगळं आम्ही बघू.”

“तेबानो,” बाई म्हणाल्या, “चौतीस म्हणजे किती रे? तुला कळतं का?”

मिस हॅरिएटचंही पत्र आलं. तिला रडू आवरत नाही, असं तिने लिहिलं होतं. ‘पण मी प्रत्येक वेळी विचारत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांनी हो म्हटलं.’ बाईंनी ते दोनदा वाचलं. तिच्यावर रागवायला जागाच नव्हती. पोरांवरही नव्हती. शोधत शोधत माणूस शेवटी स्वतःच्या दारात येतो, तशा त्या आल्या. डोळस होत्या त्या एकट्याच, आणि बघायचं नाही म्हणून दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या त्याही एकट्याच.

मारेवेया आईबरोबर चटया विणायला बसू लागली. नियमाने परीक्षा पुन्हा देता येत नाही, तरी बाईंनी तिला बोलावलं. वरच्या लोकांना मी चिठ्ठी लिहीन, पाया पडेन, एका पोरीला एकदा बसू द्या म्हणेन. तू फक्त ये. असं होत नसतं हे बाईंनाही माहीत होतं. पोर आली. भुवया वर नाहीत, नाक मुरडणं नाही, आली आणि बसली.

रिकाम्या वर्गात बाईंनी फळा पुसला. घरून नीरफणस आणला होता. दोन समीकरणं, दोन्हींत फणस आणि मासे, दोघांची किंमत काढायची. बाईंनी सावकाश मांडलं, जीव ओतून मांडलं. इतकं चांगलं त्यांनी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं. मग खडू ठेवून त्या मारेवेयासमोर चटईवर बसल्या.

“समजलं का, पोरी?”

“हो, बाई,” मारेवेया म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने, ओळीत बसून म्हणायची तसं.

बाई तिच्या कपाळाकडे बघत राहिल्या. भुवया जागच्या जागी होत्या. डोळे बाईंच्या मागे कुठेतरी, जिथे पूर्वी टॅबलेट असायचा तिथे लागलेले. सात महिने तोंडाने उत्तर देऊन त्या चेहऱ्याने दुसरं उत्तर द्यायचं सोडलं होतं.

“पुन्हा सांगू का?”

“हो, बाई.”

“की समजलं?”

“हो, बाई.”

बाईंनी सुरी घेतली आणि फणसाचे आणखी दोन तुकडे केले. यातलं खरं उत्तर कोणतं ते त्यांना कळत नव्हतं, आणि ते विचारायचा दुसरा मार्ग त्यांना येत नव्हता.