रजा नाही, राजीनामा

माझ्या ताईला लोक शांत समजतात. कॉलेजात तर तिच्या शांतपणाचे दाखले देतात म्हणे. मी तिच्यासोबत एका घरात राहते, त्यामुळे मला विचारा. ताई शांत नाही. ती राग फ्रीजमध्ये ठेवते, म्हणजे तो नासत नाही आणि लागेल तेव्हा जसाच्या तसा बाहेर काढता येतो.

ती इंग्रजी शिकवते. तिच्या विभागप्रमुखांना मुलं अत्तर म्हणायची, कारण ते जिना चढायच्या आधीच त्यांचा वास वर पोचायचा आणि चुगल्या करणाऱ्यांना तोंडं मिटायला वेळ मिळायचा. घरी आम्हीही अत्तरच म्हणायचो, तेही एकेरीत. माणूस वयाने मोठा, मानाने मोठा, सगळं कबूल. पण त्याने माझ्या ताईला वडिलांच्या शेवटच्या घटकेला घरच्यांपासून लांब बसवून ठेवलं. त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही.

तेव्हा ताई तासिकांवर होती. जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार, सुट्टी लागली की हात हलवत घरी. कायम जागेची मुलाखत निघाली आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी हॉस्पिटलात वडिलांचं बिघडलं. ताईने अत्तरला हात जोडून सांगितलं, मला आधी बोलवा, मला परत जायचंय. तो म्हणाला, “बघू ना.” मग तिला बाकावर बसवून एकेकाला आत घेत राहिला. मध्ये जेवायला गेला. सावकाश परत आला. ताईला सगळ्यात शेवटी बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, “घरी आजारपण असताना नोकरी झेपेल का तुम्हाला?” ती बाहेर आली, मोबाइल चालू केला, तेव्हा वडील जाऊन बराच वेळ झाला होता. जागा दुसऱ्यालाच मिळाली.

मी दंतवैद्याकडे काउंटरवर बसते. लोकांना थांबवून ठेवणं हे माझं रोजचं काम आहे. कोण नाइलाजाने थांबवतं आणि कोण मुद्दाम, हे मला कोणी शिकवायला नको. अत्तरने तिला मुद्दाम थांबवलं. तिच्या घाईचीच त्याला मजा वाटली होती.

पुढे दुसऱ्या समितीने ताईला कायम केलं, पण विभाग अत्तरच्याच हातात. ताईला नाटक शिकवायचं होतं. तिने दरवर्षी मागायचं आणि त्याने दरवर्षी “बघू ना” म्हणायचं. नाटकाचा पेपर त्याच्या मर्जीतल्या माणसांकडे, आणि ताईकडे कॉमर्सच्या मुलांचं सक्तीचं इंग्रजी. रजेचा अर्ज, तक्रारीचं पत्र, खालील उताऱ्याचा सारांश लिहा. शेवटी तिने तिथेच नाटक घुसवलं. दुकानदाराशी भांडण, घरमालकाशी भांडण, बँकेतल्या साहेबाशी भांडण, सगळं इंग्रजीत आणि बाकं सरकवून. जी मुलं वर्गात तोंड उघडत नव्हती ती तावातावाने भांडायला लागली. शेजारच्या वर्गातून तक्रारी आल्या, अत्तरने तिला समज दिली, आणि ताईने हसून मान हलवून दुसऱ्या दिवशी परत भांडणं लावली.

एका परिषदेत तिने हेच करून दाखवलं. तिथे परदेशातल्या विद्यापीठाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आधी चौकशा केल्या, मग मोबाइलवर तासभर मुलाखत घेतली, आणि एके दिवशी बोलावणंच आलं. तीन वर्षांचा करार. शिकवायचं काय, तर नाटक. राहायला घर, विभागात स्वतःची खोली आणि उत्तराला महिनाभराची मुदत.

ताईने ते मला दोनदा वाचून दाखवलं. मला इंग्रजी येतं, पण मी गप्प ऐकलं, कारण वाचताना तिचा आवाज कापत होता आणि तो मला ऐकायचा होता.

“जा,” मी म्हटलं.

“विचार तर करू दे.”

“विचार विमानात कर.”

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी जाऊन जाड लोकरी कोट घेतला. दुकानात ती आरशासमोर इतकी वळून वळून बघत होती की विक्रेती मला म्हणाली, तुमच्या बहिणीचं लग्न वगैरे आहे का.

ताई नोकरी सोडणार नव्हती. आमचं वय आता उड्या मारायचं नाही. तिला हवी होती बिनपगारी रजा. तशी सोय नियमात आहे. तीन वर्षं जाऊन या, तुमची जागा तुमचीच राहते, तोवर तिथे कोणीतरी हंगामी शिकवतं. फक्त अर्जावर विभागप्रमुखाची शिफारस लागते.

ती अत्तरकडे गेली. त्याने उठून खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

“अहो मॅडम, केवढी अभिमानाची गोष्ट. पण रजा कशाला मागता? विभागाचं नुकसान होतं त्यात. सरळ राजीनामा द्या ना. मी एका दिवसात मोकळं करतो तुम्हाला. नोटिशीचंही मी बघतो.”

“सर, मला परत यायचंय.”

“तिकडे गेलेलं कोणी परत येतं का? रजेचं काही जमणार नाही बघा. राजीनामा म्हणाल तर आत्ता घेतो.”

ताई घरी येऊन म्हणाली, तो आज गोड बोलत होता. आम्ही दोघीही घाबरलो. तो चिडला असता तर समजण्यासारखं होतं.

त्या गोडव्याचं कारण चार दिवसांनी समोर येऊन बसलं. ताई तास संपवून स्टाफरूममध्ये आली, तर तिच्या खुर्चीत एक बाई. खिडकीजवळची तिची खुर्ची, तिचं टेबल, तिचा पाण्याचा जग. बाई तिशीच्या आतबाहेरची असेल. ताईला बघून ती इतक्या घाईने उठली की जग सांडला.

“सॉरी मॅडम, सॉरी. बाबा म्हणाले, बसून बघ, खिडकीतून वारा चांगला येतो.”

बाबा म्हणजे अत्तर. ही त्याची सून. ती रुमालाने टेबल पुसत राहिली आणि पुसता पुसता बोलत राहिली. पात्रता परीक्षा नुकतीच पास झाले. तीन कॉलेजांत तासिकांवर शिकवते, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. धावपळीत डबा बसमध्ये खाते. बाबा म्हणाले, इथली एक जागा रिकामी होतेय, त्यांच्या निवृत्तीच्या आत मुलाखती उरकायच्या आहेत, समितीवर तेच आहेत.

“मॅडम, तुम्ही परदेशात चाललात ना? मला खूप आनंद झाला,” ती म्हणाली. ताई म्हणते, तिला खरंच झाला होता.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात जे झालं त्याला भांडण म्हणावं लागेल. मुद्दा एकच होता, अत्तरला जास्त लागेल कसं. त्याचा सूड घ्यायचा की नाही, यावर आमच्यात कधीच मतभेद नव्हता.

“तू जा,” मी म्हटलं. “तिथे नाटक शिकव. चांगले फोटो काढ आणि त्याला पाठव. जळून खाक होईल.”

“तो नाही जळणार. तो फोटो सुनेला दाखवेल आणि म्हणेल, बघ, हिच्यामुळे तुझं भलं झालं.”

“होऊ दे ना तिचं भलं. तुझं काय जातंय?”

“मी बाकावर बसले होते तेव्हा आत कोण बसलं होतं? तोच. आता माझीच जागा रिकामी करून घेऊन, त्याच खोलीत, तोच आपल्या सुनेची मुलाखत घेणार. तिला पहिला नंबर देणार. घरी आजारपण आहे का, असं तिला नाही विचारणार.” ताई भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. “त्याला आयुष्यात एक गोष्ट माझ्याकडून हवी आहे. पहिल्यांदा आणि शेवटची. ती मी देणार नाही.”

“आणि नाटक?”

तिने घासलेलंच पातेलं परत घासायला घेतलं.

“ताई, तुझं वय बघ. असं बोलावणं परत येणार नाही.”

“माहितीये.”

“म्हणजे त्याचं वाटोळं करायला स्वतःचंही करणार.”

“त्याचं होत असेल तर चालेल,” ती म्हणाली आणि नळ सोडला.

मी तिला आणखी समजवायला हवं होतं, असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे. हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी मी एकटी होते, ते दाराकडे बघत होते, आणि त्यांना ‘येतेय हं ती’ असं सांगत होते ती मी. ताईने नाही म्हणायचं ठरवलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी गारगारही वाटलं.

ताईने मुदत संपायच्या दिवशी नकार कळवला. त्या परदेशी बाईंचा फोन आला, पुन्हा एकदा विचार करा म्हणाल्या. ताई त्यांच्याशी अतिशय सुंदर इंग्रजीत नाही म्हणाली. मग कॉलेजात जाऊन अत्तरला सांगितलं, “सर, मी कुठे जात नाही. इथेच आहे.”

“त्याचं तोंड कसं झालं?” मी विचारलं.

“दात काढायच्या खुर्चीत बसवल्यावर तुझ्याकडे लोकांचं होतं ना, तसं.”

पुढचं वर्ष आमच्याकडे करमणुकीला तोटा नव्हता. अत्तरने तिला छळून बाहेर काढायचा चंग बांधला. सकाळचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा, दोन्ही तिलाच. परीक्षेच्या देखरेखीला सगळ्यात जास्त तिचंच नाव. ताईने एकाही कागदावर तक्रार लिहिली नाही. रोज वेळेवर जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. मी रोज विचारायची, आज कसा होता? आज चिडका होता. आज गयावया करत होता. आज म्हणाला, तब्येतीला जपा, स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा. आम्ही हसून लोळायचो. फक्त कधी कधी ताई मोबाइलवर त्या परदेशातल्या गावाचं हवामान बघायची. मी खोलीत आले की मोबाइल उलटा ठेवायची. मला दिसलं नाही असं मी दाखवायची.

आणि अत्तर निवृत्त झाला. जागा रिकामी न होता, सुनेला न चिकटवता, हात हलवत. प्रमुखपद सिनिऑरिटीने दुसऱ्या सरांकडे गेलं. ताईला त्यात रस नव्हता. तिला निरोपसमारंभात रस होता. मला म्हणाली, सुट्टी टाक, घरच्यांनाही बोलावलंय.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अत्तरचं कुटुंब, कडेला ती सून. अत्तर बोलायला उठला आणि बोलता बोलता ताईकडे वळला.

“आमच्या मॅडमना परदेशी विद्यापीठाने बोलावलं होतं. मोठी संधी. त्या माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, मॅडम, हा विभाग तुमचं घर आहे. आणि माझ्या एका शब्दाखातर त्या थांबल्या. अशी माणसं मी जोडली, हीच माझी कमाई.”

टाळ्यांचा कडकडाट. मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वर्षभराचा सूड त्याने एका वाक्यात स्वतःच्या खिशात घातला होता, आणि बहुतेक त्याचा त्यावर विश्वासही बसला होता.

मग ताईला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती माइकजवळ गेली. आवाज अगदी वर्गातला, प्रत्येक शब्द सुटा.

“सर विसरले असतील म्हणून सांगते. मी त्यांच्याकडे बिनपगारी रजा मागितली होती. सर म्हणाले, रजा नाही, राजीनामा द्या. त्यांना ती जागा कायमची हवी होती, त्यांच्या सुनेसाठी. ती मिळू नये म्हणून मी परदेशी गेले नाही. दुसरं काहीही कारण नाही.”

मग मागच्या रांगेतून कोणीतरी खो खो हसलं. मग सगळेच. मॅडम इतक्या शांत, त्या असा विनोद करतील हे कोणाला वाटलंच नव्हतं. अत्तर तर पोट धरून हसला, उठून ताईला नमस्कार केला आणि म्हणाला, “पकडलं बरं का मला.” पुन्हा टाळ्या.

ताई खाली येऊन माझ्या शेजारी बसली. माझ्या तोंडाशी इतक्या शिव्या आल्या होत्या की कोणती आधी द्यावी ते कळेना. नाटक गेलं, परदेश गेला, आणि ज्याला मारायचं तो हसतोय.

चहाच्या वेळी ती सून आमच्याजवळ आली. सगळ्या सभागृहात आम्हा दोघींखेरीज हसली नव्हती ती फक्त तीच.

“मॅडम, तुम्ही खरंच रजा मागितली होती?”

“हो.”

“बाबांनी घरी सांगितलं, मॅडम ऐन वेळी फिरल्या. बाकी काही सांगितलं नाही.” ती कपाकडे बघत बोलत होती. “त्यांच्या शब्दावर मी तिन्ही कॉलेजं सोडली होती. ती परत नाही मिळाली. वर्षभर घरीच आहे. तुम्हाला रजा दिली असती तर तुमच्या जागेवर मी तीन वर्षं हंगामी शिकवलं असतं. तेवढंही पुष्कळ होतं मला.”

ताईने तोंड उघडलं. मला वाटतं, ती माफी मागणार होती.

सुनेने तिला थांबवलं. पलीकडे अत्तर हातात फुलांचा गुच्छ घेऊन कोणाला तरी तोच किस्सा रंगवून सांगत होता. तिने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नसल्यामुळेच माझ्या अंगावर काटा आला.

“तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, मॅडम,” ती म्हणाली. “उद्यापासून ते पण घरीच आहेत.”