सुमनताईंची बरणी

"आई गेली, सर," असा सुमनताईंच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला, तेव्हा मी प्रताप नगरातल्या घरी रविवारच्या कामांची यादी करत होतो. पहिलंच काम होतं, सक्करदऱ्याला सुमनताईंकडे जाणं. कित्येक रविवार ते यादीत होतं...

सुमनताई आमच्या माती प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या. पूर्व विदर्भातली आम्लधर्मी तांबडी माती बरण्यांत भरून, कमी-जास्त ओलाव्यात तिच्यातले जिवाणू किती श्वास सोडतात, हे आम्ही मोजायचो. माती कोरडी पडली की ते निपचित, पाणी फार झालं की घुसमटलेले. म्हणून ताई रोज सकाळी प्रत्येक बरणीचं वजन करायच्या आणि जेवढं पाणी उडालं तेवढंच थेंबाथेंबाने घालायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "लेकराले पाजल्यासारखं पाजा लागते जी, सर." माझ्या पदवीचा त्यांना काडीचा धाक नव्हता आणि मला ते आवडायचं.

वैशालीच्या लग्नासाठी त्यांनी आठवडाभर सुटी घेतली आणि बरण्या माझ्यावर सोपवल्या. मी चक्क विसरलो. शेवटच्या दिवशी सुकलेल्या मातीत भसाभसा पाणी ओतलं आणि वहीत रोजची वजनं मनानेच भरली. सुकलेली माती एकदम भिजली की जिवाणू उसळतात. ताई परतल्या, त्यांनी मोजणी केली, तर आकडे भलतेच चढलेले. वहीतली वजनं चोख दिसत होती, म्हणून मोजणीच चुकली असं धरून आमच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर त्यांनाच फैलावर घेतलं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"चुकलं असन माह्याकडून," त्या म्हणाल्या.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्या नुसती काचेची भांडी धूत राहिल्या. पुढे मीच प्रमुख झालो, आणि तरीही... भित्रेपणा, दुसरं काय!

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी मी सक्करदऱ्याला गेलो. वैशालीने तांबड्या मातीची एक बरणी आणली. झाकणावर ताईंच्या अक्षरात वजन होतं.

"आई रोज पाणी घाले हिच्यात. मी विचारलं, काहून एवढं करतं वं? तं म्हणे, सर येतीन एक दिवस, सांगतीन." मग तिने विचारलं, "काय सांगणार होते जी तुम्ही?"

मी सांगितलं. तिने बरणी माझ्यापुढे सरकवली.

आता ती माझ्या ओट्यावर असते. आज दोन ग्रॅम कमी भरली. तेवढंच पाणी थेंबाथेंबाने घातलं आणि वहीत खरा आकडा लिहिला.