भरिताचं पातेलं

काकूंनी टेबलावरून भरिताचं पातेलं उचललं. झाकण लावलं. म्हणाल्या, "हे तुझ्या खोलीत ने गं. इथे फार झालंय."

पातेल्याला अजून कुणी चमचाही लावला नव्हता.

टोरांटोजवळ या काकूंच्या तळघरात मी भाड्याने राहत होते. नोकरी वृद्धाश्रमात. हळदीकुंकवाला काकूच म्हणाल्या होत्या, "तू खानदेशातली ना? मग भरीत तूच कर." मागच्या अंगणात, बर्फात उभी राहून वांगी भाजली. मिरच्या-लसूण ठेचला.

"हाताला चव आहे हो पोरीच्या!" काकू सगळ्यांना सांगत होत्या.

एका पाहुणीने विचारलं, "गाव कुठलं?"

"धुळ्याकडचं."

"हो, पण गावात घर कुठल्या बाजूला?"

हा प्रश्न कशासाठी असतो, ते मला ठाऊक होतं. धुळ्यात कॉलेजला होते तेव्हा 'देवपूरला राहते' एवढंच, शहरातल्या भागाचं नाव सांगून विषय बदलायचे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पण हे पदवीच्या आधी शिकले होते. त्या दिवशी कौतुकाने सैल पडले. बोलून गेले, "नाल्यापलीकडे."

पाहुणी काकूंच्या कानाशी लागली. मग ते झाकण.

खाली आले. कॉटवर बसले. रडू नाही. राग नाही. वरून ताटल्या वाजत होत्या. मायला फोन लावला. झोपेतून उठून तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "गप ऱ्हाय बाई. परका देश शे. खोली गई तं कोठे जाशी?"

खरं होतं. बाहेर उणे वीस. दुसरी खोली नव्हती. मी "हो" म्हटलं. फोन ठेवला.

आणि पातेलं उचललं. बाहेरून वळसा घालून पुढच्या दाराने आत गेले. टेबलाच्या मधोमध ठेवलं. झाकण काढलं.

"मी बौद्धवाड्यातली. भरीत माझ्या हातचं. चालत नसेल तर तसं तोंडाने म्हणा. फार झालंय म्हणू नका."



"अगं, तुझा गैरसमज झाला," काकू म्हणाल्या.

"नाही झाला, काकू."

महिनाअखेर खोली गेली. म्हणे, भाचा येणार आहे. आता एका खोलीत आम्ही चौघी. जमिनीवर गादी. नोकरीला जायला दोन बस.

माय, तुला त्या दिवशी मी 'हो' म्हटलं, ते खोटं होतं. गप राहून मिळणारी खोली मी घेणार नाही. या देशात नाही. आपल्या गावातही नाही.