स्वच्छ हवा आत, आम्ही बाहेर

मुकुंदवाडीतल्या आमच्या घरातले दिवे, पंखे मी एकेक करून मोबाइलला जोडले होते. मागच्या हिवाळ्यात त्यात हवा मोजायची एक स्वस्तातली डबी आणली. हवेत धूर, धूळ किंवा उग्र वास वाढला की डबीचा हिरवा दिवा लाल व्हायचा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आपोआप सुरू व्हायचा आणि हॉलमधल्या स्पीकरवरून एक बाई शांतपणे सांगायची, "घरातील हवा धोकादायक आहे."

पहिल्याच सकाळी वडील देवापुढं धूप फिरवत असताना बाई बोलली. वडिलांची घंटी थांबली.

"कुणाला म्हणतीय ही?"

"धुपाला," मी म्हणालो.

त्यांनी आरती पुरी केली. दुपारी बायकोनं ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या, तेव्हा बाई चार वेळा बोलली.

वडिलांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. आकड्यावर अविश्वास दाखवणं त्यांना जमत नाही. आठवडाभर त्यांनी डबीवर नजर ठेवली आणि निष्कर्ष काढला, "आपण लग्नाला गेलो तवा मोबाइलवर दिवसभर हिरवा होता. माणूस नसलं की हवा चांगली राहते."

मग काय, शेगडी अंगणात गेली. पूजा गच्चीवर गेली. झाडलं की धूळ उडते म्हणून झाडू बंद, चाललं तरी उडते म्हणून चालणं कमी. पुढच्या रविवारी दारं-खिडक्या लावून आम्ही तिघं फाटकाजवळ सतरंजीवर जेवायला बसलो होतो. समोर पाइपलाइनसाठी रस्ता खोदलेला. टँकर गेला की बायको भाजीवर ताट झाकायची. मोबाइलवर मात्र घरातल्या हवेला 'उत्तम' असा शेरा होता, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटत होता.

तेवढ्यात शेजारच्या खाला खिरीची वाटी घेऊन आल्या. आम्हाला बघून थबकल्या.

"क्या हुआ भाईजान, चाबी गुम गई क्या?"

"चावी आहे," वडील म्हणाले. "आत हवा लई चांगली झालीय. ती खराब व्हायला नको म्हणून बाहेर बसलोय."

खालांनी जरा विचार केला. "तो वो हवा ले कौन रहा है?"

आम्ही तिघं घास हातात धरून बसलो. ती चांगली हवा बघायला म्हणून खाला आत गेल्या. त्यांनी अत्तर भरपूर लावलेलं होतं. डबीजवळ वाकून बघताच दिवा लाल झाला. खाला लगबगीनं बाहेर आल्या आणि बायकोला हळूच विचारलं, "अंदर वो औरत कौन है?"

बायको उठली. तिनं शेगडी उचलून आत नेली आणि पापड तळायला घेतले. बाईनं इशारा दिला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "व्हय, कळलं."

त्या संध्याकाळी मी बाईचा आवाज बंद केला. फक्त एक्झॉस्ट चालू ठेवला. दोन दिवस वडील आरती संपली की स्पीकरकडं बघत उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आवाज लाव तिचा. मोजलं ते सांगायला पाहिजे."

मी लावला. ती रोज बोलते. वडील आता धूप पेटवायच्या आधी खिडकी उघडतात, पण आरती थांबवत नाहीत.